जीवामृत, ट्रायकोडर्मा, जिवाणू खतं: विरजण नासतं कुठे?

"दोन वर्षं जीवामृत सोडतोय, रानात काही फरक दिसत नाही." शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीचं पीठ पाण्यात आंबवून केलेल्या या द्रावणाबद्दल असं कुणी म्हणालं की मी चार प्रश्न विचारतो. ड्रममध्ये पाणी कुठलं भरलं होतं? ड्रम उन्हात होता की सावलीत? सोडलं तेव्हा जमिनीत ओल होती का? आणि त्या रानात शेणखत शेवटचं कधी पडलं? चौथ्या प्रश्नापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रश्नालाच समोरचा डोकं खाजवायला लागतो.

एक हिशेब आधी करून टाकू. २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, ८-१० लिटर गोमूत्र आणि दोन किलो डाळीचं पीठ पडतं. त्यातलं सगळं नत्र (नायट्रोजन) एकत्र केलं तरी ते जेमतेम अर्धा किलो युरियाइतकं भरतं, आणि तेही अख्ख्या एकराला. म्हणजे खत म्हणून जीवामृताकडे बघाल तर हाती काही लागणार नाही. ते विरजण आहे. घरात दही लावताना आपण काय पाळतो? दूध लागतं, ते कोमट लागतं, भांडं स्वच्छ लागतं आणि विरजण जिवंत लागतं. जीवामृत, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना खाणारी बुरशी), रायझोबियम (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू), स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, सगळ्यांना हाच नियम लागू होतो. इथलं दूध म्हणजे जमिनीतला सेंद्रिय पदार्थ.

## टप्पा १: रानात खाणं आहे का ते बघा

मातीपरीक्षणाचा कागद काढा आणि सेंद्रिय कर्बाचा (कार्बनचा) आकडा बघा. ०.४० टक्क्यांपर्यंत असेल तर 'कमी', ०.४१ ते ०.६० असेल तर 'मध्यम' समजतात. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या रानांचा आकडा या दोन्हींच्या आसपासच घुटमळतो. आकडा कमी असेल तर पहिल्या वर्षी ड्रमच्या मागे लागू नका, खाणं वाढवा. एकरी दोन-चार गाड्या कुजलेलं शेणखत टाका. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फुलोऱ्यावर येताना गाडा. उसाचं पाचट जाळणं बंद करा. तुराट्या-पऱ्हाट्या पेटवण्याऐवजी श्रेडरमधून काढून रानातच पसरा.

या टप्प्यावर एक घोळ हमखास होतो. लोक कच्चं काड गाडतात, वर जीवामृत सोडतात आणि लगेच पेरतात. पंधरा दिवसांत पीक पिवळं पडतं आणि बोल जीवामृताला बसतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २०:१ असतं, गव्हाच्या काडात ते ८०:१ च्या आसपास जातं. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागतं. ते नत्र ते मातीतूनच उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. कुजणं उरकलं की ते नत्र परत मोकळं होतं, पण तोवर पिकाचे सुरुवातीचे दिवस गेलेले असतात. म्हणून कच्चा काडीकचरा पेरणीच्या किमान दीड-दोन महिने आधी गाडा. तेवढा वेळ नसेल तर तो गाडू नका, ओळींमध्ये आच्छादन म्हणून वरच पसरा. वर पडलेला कचरा मुळांशी भांडत नाही.

तपासणी: शेणखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला. चटका बसला किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर ते अजून कच्चं आहे. हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या किडीच्या) अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढल्याशिवाय ढीग रानात नेऊ नका.

## टप्पा २: पाणी, ड्रम, जागा

सगळ्यात जास्त विरजण इथे मरतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नळाला किंवा टँकरला ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी येतं. ते पाणी जंतू मारायलाच केलेलं असतं, ते तुमच्या ड्रममधल्या जंतूंची वेगळी जात कशी ओळखणार? विहिरीचं, ओढ्याचं किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर प्रश्न नाही. नळाचंच वापरायचं असेल तर ते उघड्या ड्रममध्ये पूर्ण एक दिवस ठेवा आणि दोन-तीनदा ढवळा. वास गेला की बाकीचं साहित्य टाका.

ड्रम प्लास्टिकचा घ्या, नाहीतर सिमेंटची टाकी वापरा. तांब्याचं भांडं नको, तांबं जिवाणूंना मारक असतं. लोखंडी पिंप आंबलेल्या द्रवाने गंजतं. आणि तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही घासला तरी वापरू नका. 'तीनदा धुतलाय' हे उत्तर मी बरंच ऐकलंय, पण प्लास्टिकने पिऊन घेतलेलं औषध धुऊन निघत नाही.

जागा सावलीची हवी: झाडाखाली, गोठ्याच्या पडवीत, किंवा चार मेढी ठोकून वर पाचट टाकलं तरी पुरे. निळा-काळा ड्रम मे महिन्यात उन्हात ठेवलात तर दुपारी आतलं पाणी हाताला सोसत नाही. पत्र्याच्या बंद खोलीतही तेच होतं. झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो आणि बाहेरची हवाही आत जायला हवी. तोंडाला गोणपाट किंवा जुनं सुती लुगडं बांधा, म्हणजे माशा अंडी घालणार नाहीत आणि पावसाचं पाणीही पडणार नाही.

> सावधान: ड्रमला झाकण नसेल तर तो लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. वाकून बघताना आत पडण्याचा धोका असतो.

## टप्पा ३: साहित्य निवडताना

एका एकराच्या ड्रमसाठी:

- ताजं शेण १० किलो
- गोमूत्र ५ ते १० लिटर
- गूळ १ ते २ किलो
- डाळीचं पीठ १ ते २ किलो
- बांधावरची माती एक मूठ
- पाणी, सगळं मिळून २०० लिटर होईल एवढं

प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या प्रत्येक वस्तूच्या प्रतीत.

शेण जितकं ताजं तितकं चांगलं, फार तर आठवडाभराचं. उकिरड्यावर वाळलेल्या पोपड्या नकोत. देशी गाय नसेल म्हणून अडून बसू नका. माझं मत विचाराल तर वाळलेल्या देशी शेणापेक्षा ताजं बैलाचं शेण बरं. मात्र ज्या जनावराला नुकतंच प्रतिजैविक किंवा जंतनाशक दिलंय, त्याचं शेण तीन-चार आठवडे बाजूला ठेवा. ते औषध शेणातून बाहेर पडत राहतं आणि ड्रममध्येही आपलं काम करत राहतं. हे विचारण्याची सवय फार कमी जणांना आहे. शेजाऱ्याकडून शेण आणताना तर कुणीच विचारत नाही.

गूळ काळपट, रसायन न घातलेला घ्या. पिवळाधमक चकाकता गूळ बहुधा हायड्रॉस घालून उजळलेला असतो. गुळाऐवजी चार लिटर उसाचा रस किंवा किलोभर जास्त पिकलेल्या केळ्या-पपईचा गर चालतो. 'जास्त गोड, जास्त जिवाणू' म्हणून पाच किलो गूळ ओतू नका. आंबण्याचा तोल जातो, दारूसारखा वास मारायला लागतो आणि रानात मुंग्यांची जत्रा भरते.

पीठ बेसन, मूग, उडीद, चवळी, कुठलंही डाळीचं चालेल. सोयाबीन आणि भुईमुगाचं टाळतात, कारण त्यांत तेल जास्त असतं. पीठ थेट ड्रममध्ये फेकलं तर गोळे होऊन तळाशी बसतात आणि तिथेच कुजतात. आधी बादलीत भज्यांच्या पिठासारखं कालवून घ्या.

माती वड-पिंपळाखालची, जुन्या बांधावरची किंवा जिथे औषध-खत कधी पडलेलं नाही अशा जागेची. मर किंवा मूळकूज आलेल्या रानातली माती चुकूनही घेऊ नका. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी मातीतच वर्षानुवर्षं राहते. ती मूठभर माती ड्रममध्ये टाकली तर रोग एकरभर पसरवण्याचं काम तुम्हीच केलंत.

## टप्पा ४: क्रम आणि ढवळणं

१. २०० लिटरच्या ड्रममध्ये १६० लिटरच पाणी भरा. लोक पाणीच काठोकाठ २०० लिटर भरतात, मग शेण-गोमूत्र घातल्यावर ड्रम ओसंडतो आणि दुसऱ्या दिवशी फेस बाहेर येतो. वर वीतभर जागा रिकामी हवी. उरलेलं पाणी सोडताना मिसळा.

२. शेण वेगळ्या बादलीत पाण्यात कालवून, काड्या-गवत काढून ओता.

३. गोमूत्र घाला.

४. गूळ फोडून कोमट पाण्यात विरघळवा, गार होऊ द्या, मग ओता. चुलीवरून उतरवलेलं गुळाचं पाणी तसंच ओतलं तर ते पडेल तिथले जिवाणू शिजतात.

५. कालवलेलं पीठ घाला, शेवटी माती.

६. लांब काठीने तळापर्यंत ढवळा, मग गोणपाट बांधा.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं ढवळा. काठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायची की उलट, यावर गावात पैजा लागतात. तळाचा गाळ वर येतो की नाही आणि द्रवात हवा शिरते की नाही, एवढंच मी बघतो. हवा मिळाली नाही की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि ड्रम सडतो.

उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, पावसाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत पाच ते सात दिवसांत जीवामृत तयार होतं. डिसेंबरात 'अठ्ठेचाळीस तास झाले' म्हणून घाई करणारे अर्धवट आंबलेलं द्रावण सोडतात. एकदा तयार झालं की आठवड्याच्या आत संपवा. गूळ-पिठाचं खाणं संपलं की आतली संख्या घसरायला लागते. महिनाभर ठेवलेलं जीवामृत म्हणजे शेणाचं पाणी.

तपासणी: ड्रमजवळ नाक न्या.

- आंबूस, ताकासारखा, थोडा गोडसर वास, वर फेस, बारीक बुडबुडे: तयार आहे.
- शेणाचाच वास, फेस नाही: अजून वेळ आहे, किंवा पाण्यात क्लोरीन होतं.
- नासक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास: ढवळणं चुकलं. हे पिकाला देऊ नका, कंपोस्टच्या ढिगावर ओता.
- अळ्या वळवळताहेत: कापड नीट बांधलं नव्हतं. गाळून वापरता येईल, पण फवारणीला नको.

> सावधान: ढवळायला काठीच वापरा. हाताला चीर, जखम असताना शेण-मातीत हात घालू नका, धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी असं कच्चं खाल्लं जाणारं पीक असेल तर काढणी जवळ आल्यावर जीवामृताची फवारणी करू नका. कच्च्या शेणात पोटाचे आजार करणारे जंतूही असतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत आणि काढणी यांत मातीला टेकणाऱ्या मालासाठी १२० दिवस आणि इतर मालासाठी ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. माल निर्यात करणाऱ्यांनी आपल्या प्रमाणीकरण संस्थेला आधी विचारावं.

घनजीवामृताबद्दल दोनच ओळी. १०० किलो शेण, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच पीठ, मूठभर माती आणि भिजण्यापुरतं गोमूत्र घालून मळा, सावलीत ढीग करून दोन दिवस झाका, मग सावलीतच पसरून वाळवा. गोवऱ्यांसारखं उन्हात वाळवाल तर गोवऱ्याच मिळतील.

## टप्पा ५: शेतात सोडताना वाफसा बघा

चांगलं तयार झालेलं जीवामृत इथे येऊन वाया जातं. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतलं तर वरच्या दोन बोटांतच सुकतं. पाणी तुंबलेल्या काळ्या रानात सोडलं तर हवेअभावी गुदमरतं. हवी ती वाफशाची जमीन: मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ओलही आहे आणि हवाही.

तपासणी: चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटायला हवा. गोळा झालाच नाही तर आधी हलकं पाणी द्या. चिखलासारखा चपटला तर दोन दिवस थांबा. खरिपात सलग झड लागली असेल तर ड्रम लावायचाच नाही, उघडीप मिळाल्यावर लावा.

सोडायची वेळ दुपारी चारनंतरची. रान आच्छादनाखाली असेल तर आच्छादनावरच टाकलं तरी चालतं, खाली सावली आणि ओल दोन्ही असतात. एकरी २०० लिटर, महिन्यातून एक-दोनदा. पाटपाण्यात सोडत असाल तर दांडाच्या तोंडाशी ड्रमची तोटी बारीक धारेने उघडी ठेवा, म्हणजे शेवटच्या सरीपर्यंत पोहोचेल. एकदम ओतलं तर पहिल्या चार सऱ्यांची चंगळ आणि बाकीच्या उपाशी.

फवारणीसाठी १६ लिटरच्या पंपाला एक ते दीड लिटर, दुहेरी कापडातून गाळून.

ठिबकवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. डाळिंबाच्या बागेत एका संध्याकाळी जीवामृत सोडलं, तेवढ्यात वीज गेली, आणि 'सकाळी बघू' म्हणून घरी आलो. रात्रभर ते लॅटरलमध्ये (ठिबकच्या बारीक नळ्यांत) बसलं. आठवड्यात आत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरला, निम्म्या ड्रिपरमधून थेंब पडेना. काही नळ्या शेवटी कापून फेकल्या. तेव्हापासून हा क्रम मोडत नाही:

१. आधी गोणपाटातून, मग दुहेरी सुती कापडातून गाळायचं. शक्य असेल तर रात्रभर न ढवळता ठेवून वरचं निवळ तेवढं घ्यायचं. खालचा गाळ फेकायचा नाही, तो खोडाजवळ किंवा कंपोस्टला द्यायचा.
२. पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालवून जमीन ओली करायची.
३. व्हेंचुरीतून (पाण्याच्या ओढीने द्रावण नळीत खेचणाऱ्या जोडणीतून) जीवामृत, पुढे १२० मेशचा फिल्टर असलाच पाहिजे.
४. परत पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी.
५. लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायची.
६. विजेचा भरवसा नसेल तर सुरूच करायचं नाही.

नळ्यांना आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया करायची असेल तर ती जीवामृताच्या चार-पाच दिवस आधी उरका.

## टप्पा ६: ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवणं

पुडी फोडून ट्रायकोडर्मा भुकटी तशीच रानात विस्कटणं म्हणजे पैसे विस्कटणं. ही बुरशी मर, मूळकूज, कॉलर रॉट (खोड जमिनीलगत कुजणं) करणाऱ्या बुरशींना खाते आणि त्यांची जागा अडवते, पण त्यासाठी आधी तिने रानात घर करायला हवं. ते घर म्हणजे कुजलेलं शेणखत.

दुकानात पुडी घेताना उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत आणि ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची संख्या बघा. किमान २ × १०⁶ छापलेली हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ठेवली कुठे होती. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेल्या पुडीवर काहीही छापलेलं असो. शंका असेल तर घरी एक पारख करता येते. स्वच्छ बरणीत थोडा शिजवून गार केलेला भात घ्या, वर चिमूटभर भुकटी टाका, तोंडाला कापड बांधा आणि सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरा तंतू आणि मग हिरवी झाक यायला हवी. हिरव्या बुरशी दुसऱ्याही असतात, त्यामुळे हिरवं आलं म्हणजे ट्रायकोडर्माच असं नाही. पण काहीच उगवलं नाही तर पुडी मेलेली आहे हे नक्की. बघून झाल्यावर तो भात कोंबड्यांना टाकू नका, पुरून टाका.

आता ढीग:

१. १०० किलो पूर्ण कुजलेलं, थंड शेणखत सावलीत पसरा. असेल तर १० किलो निंबोळी पेंड मिसळा.
२. एक ते दोन किलो ट्रायकोडर्मा त्यावर भुरभुरून फावड्याने चांगलं वरखाली करा.
३. पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, तळहात ओलसर झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.
४. दीड फुटापेक्षा उंच ढीग करू नका. ओल्या गोणपाटाने झाका, प्लास्टिकने नको.
५. दर तीन-चार दिवसांनी पलटा आणि ओल बघा.
६. दहा-पंधरा दिवसांत पांढरी-हिरवट बुरशी ढिगात सगळीकडे दिसते. मग संध्याकाळी सरीत टाकून त्याच वेळी मातीआड करा.

या ठिकाणची मोठी चूक म्हणजे ताज्या, तापलेल्या शेणाच्या ढिगात ट्रायकोडर्मा मिसळणं. कुजणाऱ्या ढिगाचं आतलं तापमान ६० अंशांपर्यंत जातं, आणि या बुरशीला मानवतं ते २५ ते ३० अंश. दुसरी चूक उतावळेपणाची: याच ढिगावर जीवामृतही ओतायचं. जिवाणूंचा एवढा लोंढा आला की बुरशीला पाय रोवायला जागा उरत नाही. मी दोन्ही वापरतो, पण वेगवेगळ्या वेळी. आधी ट्रायकोडर्माचं शेणखत, पंधरा दिवसांनी जीवामृत.

## टप्पा ७: बीजप्रक्रिया

उदाहरण सोयाबीनचं घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर १० किलोला २५० ग्रॅम या हिशेबाने रायझोबियमच्या तीन पुड्या आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या तीन पुड्या लागतात. द्रवरूप असेल तर बाटलीवरच्या प्रमाणाने.

पुडीवर पिकाचं नाव वाचा. सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही आणि हरभऱ्याचं सोयाबीनला. मूग, उडीद, तूर, चवळी यांचा गट आणखी वेगळा. ज्वारी, गहू, कापूस यांना ॲझोटोबॅक्टर, उसाला ॲसिटोबॅक्टर. 'सगळ्याला चालतं' असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

क्रम असा आहे आणि तो उलटा करता येत नाही:

१. आधी बुरशीनाशक, वापरत असाल तर. सेंद्रिय शेतीत त्याऐवजी ट्रायकोडर्मा, किलोला ५ ग्रॅम. रासायनिक असेल तर आदल्या दिवशी लावून सावलीत सुकू द्या.
२. मग कीटकनाशक, गरज असेल तर.
३. शेवटी जिवाणू, पेरणीच्या दिवशीच. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा, पूर्ण गार करा. त्यातलं लागेल तेवढंच घेऊन भुकटी कालवा.
४. ताडपत्रीवर बियाणं पसरून हलक्या हाताने वरखाली करा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. चोळलं किंवा जास्त भिजवलं तर ते सुटतं आणि उगवण मार खाते. दहा किलोला पाव लिटरच्या आसपास द्रावण पुरे, भुकटी चिकटली म्हणजे झालं.
५. सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

पिशवीतलं बियाणं लाल-हिरवं रंगवलेलं असेल तर त्यावर कंपनीनेच औषध लावलेलं असतं. अशा बियाण्यावर जिवाणू चोळले तर ते औषधावरच बसतात. तिथे दुसरा रस्ता धरा: एकरी दोन किलो जिवाणू खत ५०-१०० किलो ओलसर शेणखतात मिसळून ओळीत द्या.

> सावधान: जिवाणू लावलेलं बियाणं आणि दाणेदार खत पेरणी यंत्राच्या एकाच कप्प्यात टाकू नका. खताचे क्षार जिवाणूंमधलं पाणी ओढून घेतात. बियाण्याची पाटी बांधावर उन्हात ठेवून चहाला जाणं हाही त्यातलाच प्रकार.

## टप्पा ८: कशापाठोपाठ काय नको

बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा कार्बेन्डाझिम यांची आळवणी केली (मुळाशी द्रावण ओतलं) असेल तर ट्रायकोडर्मा आणि जिवाणू खतं दहा-पंधरा दिवस लांबवा. रासायनिक खत जीवामृताच्या ड्रममध्ये विरघळवू नका, दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवा. सोयाबीन, हरभऱ्याला युरियाचा भरपूर डोस दिलात तर मुळांवर गाठी कमी येतात. झाडाला आयतं नत्र मिळाल्यावर ते जिवाणूंना कशाला पोसेल?

बाटलीतलं कल्चर गूळ-पाण्यात पुन्हा पुन्हा वाढवून वर्षभर वापरणारेही आहेत. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोझर (काडीकचरा कुजवणारं कल्चर) २०० लिटर पाणी आणि दोन किलो गुळात वाढवतात, ते असंच फिरवलं जातं. पण उघड्या ड्रममध्ये प्रत्येक खेपेला बाहेरचे पाहुणे शिरतात. घरातलं विरजणही कधीतरी तारेवर येतं, तेव्हा आपण शेजारून नवीन मागून आणतो. मी तीन-चार खेपांनंतर नवीन बाटली घेतो.

## टप्पा ९: फरक पडला की नाही, मोजा कसा

सगळ्या रानात एकदम वापरलंत तर तुलना कशाशी करणार? दर एकरात चार ओळी मुद्दाम सोडा. बाकी सगळं सारखं, फक्त हे नाही. त्या ओळींच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, नाहीतर ढवळाढवळीत विसरायला होतं.

सोयाबीन ४०-४५ दिवसांचं झालं की दोन्हीकडची पाच-पाच झाडं खोदून काढा. उपटू नका, उपटल्यावर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात बुडवून हळूच धुवा आणि गाठी मोजा. मग नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर गाठ नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच गाठ आहे. गाठी भरपूर आणि आतून पांढऱ्या, असं दिसलं तर पुडीचं पीक, तारीख आणि बीजप्रक्रियेचा क्रम परत तपासा.

जमिनीसाठी: जुन्या सुती पंचाचे दोन सारखे तुकडे कापा. एक वापरलेल्या भागात, एक सोडलेल्या ओळींत, वीतभर खोल पुरा. टेरीकॉटचा नको, त्यातल्या पॉलिस्टरच्या धाग्याला जिवाणू हात लावत नाहीत. दोन महिन्यांनी उकरा. एका तुकड्याची जाळी झाली असेल आणि दुसरा अजून पंचासारखा दिसत असेल, तर काय झालं ते कळेल. दोन्ही सारखेच धडधाकट निघाले तर पुढच्या हंगामाची सुरुवात ड्रमपासून करू नका, पहिल्या टप्प्यातल्या शेणखतापासून करा.

तारखा लिहून ठेवा: ड्रम कधी लावला, कधी सोडला, जमीन कशी होती, त्यानंतर पाऊस कधी पडला. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं तरी चालेल, फक्त दिवाळीच्या रंगरंगोटीआधी वहीत उतरवून घ्या.